डॉ. भाऊ दाजी लाड : अपुरी राहिलेली एक नोंद



गणपतीच्या पूजेत एकवीस पत्री वाहतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. जयनगरच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपण पत्रीची जुडी घेतो, भाव करतो आणि घरी आणून तबकात ठेवतो. त्या तबकात काय काय असते ते एकदा नीट पाहावे. माक्याचे पान असते. आयुर्वेदाने माका यकृताच्या विकारांवर पूर्वापार सांगितलेला आहे. अर्जुनाचे पान असते, तुळस असते, आघाडा असतो, डोरली असते. ही सगळी औषधी झाडे. पण त्याच तबकात कण्हेर आणि धोत्राही असतो, आणि या दोन्हींमुळे माणूस दगावू शकतो. म्हणजे औषध आणि विष शेजारी शेजारी ठेवलेले! देवाला दोन्ही चालते, आपल्या पोटाला मात्र चालत नाही. कोणते पान कशावर, किती द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे कोणीतरी तपासून लिहून ठेवले असेल तरच त्याचा पुढच्यांना उपयोग.

या विषयाचा विचार करताना मला नेहमी डॉ. भाऊ दाजी लाड आठवतात. मुंबईला गेलो की आपण मुलांना राणीच्या बागेत नेतो. तिथले संग्रहालय त्यांच्याच नावाचे आहे. पाटीवरचे नाव सर्वांनी वाचलेले असते, पण हा माणूस कोण होता हे फारसे कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही आणि इतिहासकारही नाही. पदविका घेऊन रेल्वेत लागलेला, रूळ आणि पूल यांच्या देखभालीत आयुष्य घालवणारा एक साधा अभियंता आहे. पण भाऊ दाजींच्या चरित्रात मला असे काही सापडले, की ते आपल्या मंडळींना सांगावेसे वाटले.

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ सालचा, गोव्यातला. घरची परिस्थिती बेताची होती. कुटुंब पोट भरण्यासाठी मुंबईला आले. मुलगा लहानपणापासून बुद्धिबळात तरबेज. त्याची ती हुशारी एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेस पडली आणि या मुलाला इंग्रजी शिक्षण द्या, असा आग्रह त्याने वडिलांकडे धरला. पटावरच्या सोंगट्यांनी एका गरीब मुलाचे आयुष्य बदलून टाकले!

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण झाल्यावर ते तिथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छ भागात मुलींना जन्मताच मारण्याची दुष्ट चाल होती. तिच्यावर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळाले. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजींनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि तिथे विद्यार्थी म्हणून नाव घातले. १८५१ साली या कॉलेजातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात भाऊ दाजी होते. त्यांच्याबरोबर आत्माराम पांडुरंग होते, ज्यांनी पुढे प्रार्थना समाजाची स्थापना केली. गोमंतकीय डॉ. लिस्बोआ होते, जे पुढे मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे नामवंत अभ्यासक झाले. एकाच वर्गात केवढी ही माणसे!

पदवी मिळाल्यावर भाऊ दाजींनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच वर्षांत ते मुंबईतले नावाजलेले डॉक्टर झाले. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच कॉलेजचे पदवीधर. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. श्रीमंतांकडून मिळालेला पैसा गरिबांच्या औषधावर खर्च व्हायचा.

पण हा माणूस दवाखान्यात मावणारा नव्हता. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तेव्हा भाऊ दाजी तिचे एक चिटणीस होते. त्या संस्थेमागे नाना शंकरशेट होते. आम्हा रेल्वेवाल्यांना नानांचे नाव विशेष जवळचे, कारण १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्या जीआयपी रेल्वेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. भाऊ दाजी त्याच मुंबईतले, त्याच पिढीतले. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी पैसा आणि वेळ दोन्ही दिले. १८६२ सालच्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात एका बड्या धर्मगुरूच्या विरोधात डॉक्टर म्हणून त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. त्या काळी असे करायला किती धैर्य लागत असेल, याची कल्पना करावी. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

याशिवाय त्यांना आणखी एक वेड होते, ते म्हणजे जुने शिलालेख, ताम्रपट आणि पोथ्या. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख त्यांनी वाचले. जुनागढच्या खडकावरील लेखांवर काम केले. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य या आपल्या गणिती-ज्योतिषांचा काळ कोणता, यावर त्यांनी लिहिलेला निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. रोग्यांची नाडी पाहून झाली की हे गृहस्थ दोन हजार वर्षांपूर्वीचे अक्षर वाचायला बसत!

याच अभ्यासातून ते जुन्या वैद्यक ग्रंथांकडे वळले. ग्रंथकारांनी ज्या वनस्पतींची थोरवी गायली आहे, त्यांत खरोखर किती गुण आहे, हे रोग्यांवर पाहायचे त्यांनी ठरवले. आणि त्यासाठी रोग निवडला तो त्या काळातला सर्वांत भयंकर, महारोग, म्हणजे कुष्ठरोग.

तेव्हा कुष्ठरोगाचे कारण कोणाला माहीत नव्हते. कोणी आनुवंशिक म्हणे, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणे. रोग्याला घराबाहेर काढत. बोटे झडत, नाक बसे, आणि माणूस जिवंतपणीच समाजातून उठे. भाऊ दाजींनी अशा रोग्यांना आपल्याकडे घेतले आणि १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यावर एका बियांच्या तेलाचे उपचार सुरू केले. ते झाड आपल्या सह्याद्रीतलेच. मराठीत त्याला कडूकवठ किंवा कवटी म्हणतात, संस्कृतात तुवरक. सुश्रुताने कुष्ठावर तुवरक तेल सांगितले आहे. आपले कन्नड शेजारी याच झाडाला गरुडफल म्हणतात. इथून सकलेशपूरचा घाट उतरताना आपली गाडी ज्या जंगलातून जाते, तशा पश्चिम घाटाच्या दमट रानात हे झाड वाढते.

रोग्यांना गुण येतो आहे अशी वार्ता पसरली. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. दूरदूरचे रोगी येऊ लागले. पण भाऊ दाजींनी औषधाचे नाव जाहीर केले नाही. पुरेशी खात्री पटल्यावरच सांगावे, असा त्यांचा विचार असावा. त्यांच्यासारख्या चोख अभ्यासकाला कच्चे काम लोकांपुढे ठेवणे पटणारे नव्हते. पण इतर डॉक्टरांनी आक्षेप घेतला, आणि तो अगदीच गैर होता असे म्हणता येत नाही. जे औषध काय आहे हेच माहीत नाही, ते दुसऱ्याने तपासायचे कसे?

मध्यंतरी भाऊ दाजींवर मोठे संकटही आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सगळी मुंबई सट्ट्यात उतरली. युद्ध संपताच १८६५ साली सगळे कोसळले, आणि त्यात भाऊ दाजींची कमाईही बुडाली. तरीही त्यांची कामे थांबली नाहीत. ज्या संग्रहालयासाठी चिटणीस म्हणून त्यांनी अनेक वर्षे खटपट केली, ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. तेव्हा त्याला व्हिक्टोरिया राणी आणि तिचे पती यांचे नाव होते. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

मे १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले. वय फारसे झाले नव्हते. कुष्ठरोगाच्या उपचारांचा संपूर्ण वृत्तान्त त्यांच्या हयातीत छापून आला नाही. किती रोग्यांना तेल दिले, किती मात्रेत, किती दिवस, किती जणांना गुण आला, कोणाला आला नाही, आलेला गुण टिकला की नाही, याचा पूर्ण हिशेब जगापुढे ठेवायचे राहून गेले. शिलालेखांवरचे त्यांचे निबंध मात्र पुढे एकत्र करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. दगडावरची अक्षरे ज्याने जगाला वाचून दाखवली, त्याचे स्वतःचे सर्वांत मोठे काम मात्र वाचायला मिळत नाही. मला या चरित्रात सर्वांत चटका लावणारी गोष्ट वाटली ती ही.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. भाऊ दाजी गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ साली, नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचे जंतू पाहिले. रोग पापाने नव्हे, जंतूने होतो हे समजले. कडूकवठ आणि त्याच्याच जातीचे चौलमुग्रा यांचे तेल जगभर वापरले जाऊ लागले. पण तेल पोटात घेतले की मळमळ आणि उलट्या, टोचले तर ते दाट असल्याने शरीरात नीट पसरत नसे आणि जागा दुखून येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी तेलातील आम्ले वेगळी काढली. १९१५ साली हवाईमध्ये ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने त्या आम्लांपासून टोचता येईल असे पातळ औषध तयार करण्याची रीत शोधली. ती बिचारी १९१६ साली चोविसाव्या वर्षी वारली. तिचे काम वरिष्ठाने पुढे चालवले, पण तिचे नाव घेतले नाही. १९२२ साली हॉलमन नावाच्या डॉक्टरने आपल्या लेखात या रीतीला बॉल यांचे नाव जोडले, म्हणून आज ते आपल्याला माहीत आहे. एक ओळ लिहून ठेवली म्हणून केवढा फरक पडला!

हे तेल काही रामबाण नव्हते. काहींना गुण यायचा, अनेकांना यायचा नाही. १९४० च्या दशकात सल्फोन जातीची औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले बहुविध औषधोपचार सुरू झाले आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. म्हणजे भाऊ दाजी ज्या वाटेने निघाले ती वाट खरी होती, मुक्काम मात्र दुसरीकडे निघाला. पण हे समजले ते पुढच्यांनी मोजमाप लिहून ठेवले म्हणूनच.

आता कोणी विचारेल, दीडशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टीचा आज बंगळूरमध्ये बसून आपल्याला काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो आपल्या यकृताशी संबंधित आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याला कावीळ झाली. कावीळ म्हटले की आपल्याकडे प्रत्येक जण वैद्य होतो. कोणी भुईआवळा आणून दिला, कोणी कुटकीचा काढा, कोणी गावाकडच्या पुड्या. आठ दिवसांनी त्याची शुद्ध हरपू लागली तेव्हा त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पोटात काय काय गेले आहे? पुड्यांवर नाव नव्हते. देणाऱ्यालाही आत काय आहे ते सांगता येईना. कावीळ मुळात कशाने झाली आणि पुड्यांनी ती वाढली की नाही, हे शेवटपर्यंत कळले नाही. देवाच्या कृपेने तो वाचला. पण ते अकरा दिवस त्याच्या बायकोने कसे काढले, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे.

यकृत हे साधारण दीड किलोचे इंद्रिय. रक्त गोठण्यास लागणारे घटक तेच बनवते, शरीरातली विषारी द्रव्येही तेच निकामी करते. ते अचानक बंद पडले तर डोळे पिवळे होण्यावर भागत नाही. रक्त गोठत नाही, मेंदूवर परिणाम होतो, आणि कधी कधी यकृतरोपणाशिवाय इलाज उरत नाही. म्हणूनच यकृताला सावरणारे द्रव्य वनस्पतींत सापडेल का, याचा शोध जगभर चालू आहे. युरोपात एका काटेरी झाडाच्या बियांतले सिलिबिनिन हे द्रव्य विषारी अळंबी खाल्लेल्या रोग्यांना शिरेतून देतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने कुटकीतून पिक्रोलिव्ह काढले. भुईआवळ्याने हिपॅटायटिस बी हटतो असा आशादायक निष्कर्ष १९८८ साली चेन्नईच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला, पण इतरांनी तपासले तेव्हा तसा गुण सर्वत्र दिसला नाही.

आणि आपल्या मुंबईतले उदाहरण तर फार बोलके आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर काम केले. झाडाफुलांवरच्या त्यांच्या मराठी लेखनामुळे आपल्यापैकी अनेकांना त्या परिचित असतील. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रोग्यांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, आणि एका गटाला त्याबरोबर गुळवेल, रोग्याच्या वजनाच्या किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. गुळवेल न मिळालेल्या गटात निम्म्या रोग्यांच्या रक्तात जंतुदोष पसरला, मिळालेल्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के. पण मला खरे कौतुक वाटते ते पुढच्या वाक्याचे. यकृताच्या कामात मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाही, असेही त्यांनी स्वच्छ लिहिले. सुधारली ती जंतूंशी लढणाऱ्या पेशींची ताकद. औषधाने काय केले याच्याबरोबर काय केले नाही, हेही नोंदवले. भाऊ दाजींची अपुरी राहिलेली नोंद कशी असायला हवी होती, त्याचा हा नमुनाच म्हणायचा. अर्थात ३० रोगी म्हणजे सुरुवात. तेवढ्यावर घरोघरी गुळवेल घोटायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

कोरोनाच्या काळात नेमके तेच झाले. २०२० साली घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. आपल्या जयनगरातही कुंपणावरच्या अमृतबळ्ळीला लोक विचारू लागले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत आणि रोग्यांनी घेतलेली वनस्पती नक्की कोणती याची खात्री केलेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्यानंतर देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून अशाच आणखी रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. वाद आपल्याला सोडवता येणार नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, की एकाच वेलीने एका रोग्याला आधार मिळू शकतो आणि दुसऱ्याचे यकृत बिघडू शकते. तबकातल्या माका आणि कण्हेराइतके हे सरळ नाही.

आमच्या खात्यात रुळाचा एक जोड बदलला तरी तारीख, किलोमीटर, माप आणि करणाऱ्याची सही नोंदवहीत चढते. रात्री कुणी पाहत नसले तरी चढते. कारण उद्या तिथून गाडी नेणाऱ्या चालकाचा विश्वास त्या वहीवर असतो. औषधाचेही असेच आहे. भाऊ दाजींची बुद्धी, त्यांची तळमळ, गरिबांवरची माया याबद्दल कोणालाच शंका नाही. पण त्या तेलाचे पूर्ण टिपण मागे राहिले असते, तर पुढच्यांना कितीतरी वर्षे आधी ते काम जिथे थांबले तिथून उचलता आले असते.

तेव्हा मंडळी, एवढीच विनंती. आपल्या आजी-पणजीला ठाऊक असलेली झाडे विसरू नका. त्यांची नावे मराठीत आणि कन्नडमध्येही मुलांना शिकवा. पण घरात कोणी काही काढा, चूर्ण, गोळी घेत असेल तर त्याचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहून ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद न लाजता पुढे करा. डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासा, मग सल्ले ऐका. आणि पुढच्या वेळी मुंबईला गेलात, भायखळ्याच्या त्या देखण्या इमारतीत शिरलात, तर पाटीवरच्या नावाला क्षणभर हात जोडा.

गणपती बाप्पा मोरया!